आरव्हीतली पाणीगळती: शोधायची कशी आणि कोणता जोड बसवायचा

अमेरिकेत किंवा कॅनडात राहून जुनी आरव्ही, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर किंवा मोटरहोमसारखे चाकांवरचे घर, विकत घेतलेल्या मराठी कुटुंबाला आज ना उद्या एक निर्णय घ्यावाच लागतो. सिंकखालच्या कपाटात ओल दिसते, किंवा एकही नळ उघडा नसताना रात्री पंप मध्येच गुरगुरतो, आणि मग गळका जोड कापून त्या जागी कोणत्या पद्धतीचा जोड बसवायचा, हा प्रश्न पुढे येतो. दुकानात तीन पर्याय शेजारी शेजारी टांगलेले असतात: धातूची रिंग अवजाराने आवळून बसवायचा जोड, नुसता ढकलून बसणारा पुश-फिट आणि हाताने नट फिरवून घट्ट करायचा प्लास्टिकचा जोड. तिन्ही अर्धा इंची पेक्स (लवचीक प्लास्टिकच्या) पाइपवर चालतात आणि नीट बसवले तर तिन्ही पाणी धरतात. त्यामुळे निवड करताना किमतीच्या आधी एक गोष्ट पाहावी: त्या जागी तुमचा हात आणि नजर पुन्हा पोचणार आहे का?

घराच्या नळजोडणीचा अनुभव इथे अर्धाच उपयोगी पडतो. घर जागचे हलत नाही, आरव्ही मात्र महामार्गावर तासन्तास हादरे खात असते, आणि त्या हादऱ्यांनी आट्यांवर बसलेले नट हळूहळू सैल होतात. दुसरे कारण थंडीचे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. पेक्स पाइप स्वतः बराच ताण सहन करतो, पण प्लास्टिकचे कोपरे, पंपाच्या गाळणीची वाटी आणि टॉयलेटच्या मागचा व्हॉल्व्ह तडकतात, आणि ही तडक वसंतात पहिल्यांदा पाणी भरेपर्यंत कळत नाही. तिसरे कारण दाबाचे. गाडीतला १२ व्होल्टचा पंप साधारण ४५ ते ५५ पीएसआयला (चौरस इंचावर इतके पौंड दाब झाला की) बंद होतो, तर काही कॅम्पग्राउंडच्या नळाला १०० पीएसआयच्या आसपास दाब असतो. तिथे प्रेशर रेग्युलेटर न लावता होज जोडला, की जो जोड पंपावर वर्षभर टिकला असता तो एका रात्रीत पाझरू लागतो. दाबमापक असलेला, दाब कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर साध्या पितळी नळीच्या रेग्युलेटरपेक्षा महाग असला तरी मी तोच घ्या म्हणेन, कारण साधा रेग्युलेटर बिघडला आहे हे बाहेरून ओळखता येत नाही.

जोड निवडण्याआधी गळती कुठे आहे हे पक्के करावे लागते, आणि त्याच्याही तीन पद्धती आहेत. पंपाची चाचणी फुकट होते. ताज्या पाण्याची टाकी भरावी, कॅम्पग्राउंडचा होज काढावा, सर्व नळ बंद करून पंप चालू ठेवावा. तो दाब भरून थांबला आणि बराच वेळ गप्प राहिला, तर दाबाखालची बाजू ठीक आहे. दर काही मिनिटांनी तो सेकंदभर चालत असेल तर पाणी कुठेतरी निसटते आहे. मात्र ते बाहेरच गळते आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये, कारण पंपाच्या आतला एकमार्गी व्हॉल्व्ह खराब झाला तर पाणी मुकाट्याने मागे टाकीत परतते आणि पंप अगदी तसाच वागतो. हे ओळखायचा उपाय सोपा आहे: पंप बंद करून कॅम्पग्राउंडचे पाणी जोडावे. ताज्या पाण्याच्या टाकीची पातळी आपोआप वाढू लागली, तर दोष त्या व्हॉल्व्हचा आहे आणि फरशी उचकटायची गरज नाही. याच्या उलट पंप चालू असताना गाडीला बाहेरून होज जोडतात त्या तोंडातून पाणी ठिबकत असेल, तर तिथला एकमार्गी व्हॉल्व्ह बदलावा.

दाबमापकाची चाचणी जास्त खात्रीची आहे. होजच्या तोंडाशी मापक आणि बंद करता येणारी तोटी लावून दाब भरायचा, तोटी बंद करायची आणि काटा पाहत राहायचे. वॉटर हीटर आधीच बंद असावा, नाहीतर तापणाऱ्या पाण्याने दाब वाढून वाचन फसवे ठरते. हीटरच्या मागे हिवाळ्यासाठीचे, पाणी हीटरला वळसा घालून नेणारे तीन बायपास व्हॉल्व्ह असतील तर तिन्ही बंद करून गरम पाण्याची बाजू वेगळी काढता येते. तरीही काटा पडत राहिला तर दोष थंड बाजूला, आणि थांबला तर हीटरमध्ये किंवा गरम बाजूला. यात एक अडचण बाहेरच्या शॉवरची येते. त्याचे दोन्ही नळ उघडे ठेवून फक्त शॉवरच्या दांडीवरचे बटण बंद केले असेल, तर गरम-थंड पाणी तिथे एकमेकांत मिसळते आणि अशी विभागणी निरर्थक होते. म्हणून चाचणीआधी ते दोन नळ हाताने तपासावेत.

तिसरी पद्धत हवेची. हिवाळ्यासाठी पाइप रिकामे करायला जो अडॅप्टर वापरतात, त्यानेच पाइपमध्ये सुमारे ३० पीएसआय हवा भरायची आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे. फरशी आधीच भिजलेली असेल, किंवा बाहेर गोठवणारी थंडी असेल, तर मी हीच पद्धत निवडेन, कारण तिने आणखी पाणी सांडत नाही. बाकी वेळी पंपाच्या चाचणीने सुरुवात करून मापकाकडे जाणे पुरेसे ठरते.

गळतीसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी मात्र वेगळ्या काढाव्यात. हीटरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी तापताना थेंबथेंब गळत असेल, तर अनेकदा व्हॉल्व्ह चांगला असतो. हीटरच्या टाकीच्या वरच्या भागातली हवेची पोकळी पाण्यात विरून गेल्यामुळे फुगणाऱ्या पाण्याला जागा उरलेली नसते. हीटर बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावा, पाण्याचा पुरवठा थांबवावा, एक गरम नळ उघडून दाब काढावा आणि सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी थांबेपर्यंत वाहू द्यावे. पोकळी पुन्हा तयार होते. दुसरी गोष्ट छताची. पंप बंद, पाइप रिकामे आणि तरी पावसानंतर कोपरा ओला होत असेल, तर पाइपला हात लावण्याआधी छतावरचे सीलंट पाहावे. ओल जिथे दिसते तिथेच उगम असतो असे मुळीच नाही. गाडीच्या पोटाला नालीदार प्लास्टिकचा पत्रा लावलेला असेल तर पाणी सांगाड्याच्या कडेने वाहत जाऊन भलतीकडेच साचते.

आता जोडांकडे. कारखान्यातून येणाऱ्या पुष्कळ गाड्यांत नळ, पंप आणि टॉयलेट यांना जोडलेले प्लास्टिकचे फिरते नट असतात आणि त्यांच्या आत शंकूच्या आकाराचा रबरी वायसर असतो. गळती अशा नटापाशी असेल तर काहीही विकत घेऊ नये. नट हाताने काढावा, वायसर चिरला आहे का किंवा उलटा बसला आहे का हे बोटाने चाचपावे, नट पुन्हा हाताने घट्ट करावा आणि फार तर थोडासा आणखी फिरवावा. इथे दोन चुका नेहमी होतात: पान्याने जोर लावून प्लास्टिक तडकवणे आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणे. या जोडात पाणी वायसर अडवतो, आटे अडवत नाहीत, आणि टेपमुळे नट पूर्ण बसतच नाही. निमुळत्या आट्यांच्या जोडाला मात्र टेप लागतोच. नटाचे हे जोड स्वस्त आहेत, अवजाराशिवाय बसतात आणि पुन्हा उघडता येतात, पण हादऱ्यांनी सैल होण्याचा धोका त्यांनाच सर्वांत जास्त. डोळ्यांसमोर राहणाऱ्या जागी ते चालतात, बंद पोटात नकोत.

पुश-फिटमध्ये आत रबरी रिंग असते आणि पाइपला पकडणारी दातेरी स्टीलची कडी असते. पाइप काटकोनात, सरळ कापायचा, कडा साफ करायच्या, साधारण एक इंचावर मार्करने खूण करायची आणि खूण काठाला टेकेपर्यंत ढकलायचे. पाइप ओला असला तरी चालते. रस्त्यात, संध्याकाळी, मुलांना आंघोळी घालायच्या असताना याला तोड नाही, म्हणून असे दोन जोडणारे तुकडे आणि दोन बंद करणाऱ्या टोप्या गाडीत कायम असाव्यात असे मी आग्रहाने सांगेन. टोपी लावून एक फाटा बंद केला तरी बाकीची गाडी वापरता येते. किंमत मात्र एका जोडामागे रिंगच्या जोडाच्या कितीतरी पट पडते. शिवाय पाइप तिरपा ताणलेला असेल तर रबरी रिंगवर एका बाजूने ताण येतो, आणि चालत्या गाडीत तो ताण सतत हलत राहतो. घराच्या भिंतीत हे जोड कायमचे ठेवायला मान्यता असली, तरी आरव्हीत जिथे पाइपला दोन्ही बाजूंनी आधार देता येत नाही, तिथे मी ते कायमचे ठेवणार नाही.

उरला रिंगचा जोड, आणि त्यातही दोन प्रकार आहेत. तांब्याची क्रिम्प रिंग चहूबाजूंनी सारखी दाबली जाते आणि ती बरोबर दाबली गेली का हे मापपट्टीने तपासता येते, पण तिचे अवजार लांब दांड्यांचे असते. स्टीलच्या क्लॅम्प रिंगला एक कान असतो आणि अवजार फक्त तो कान चिमटते. सिंकखालच्या कपाटात पाइप मागच्या भिंतीला चिकटून गेलेला असतो. तिथे क्रिम्पच्या दांड्या उघडायलाच जागा मिळत नाही, तर क्लॅम्पचे अवजार समोरून एका हाताने चालते, फक्त रिंग बसवताना तिचा कान आपल्या बाजूला वळवून घ्यावा लागतो. रिंग पाइपच्या टोकापासून एक अष्टमांश ते पाव इंच आत असावी. अवजारावर एकदा खर्च होतो, त्यापुढे प्रत्येक जोड नगण्य किमतीत पडतो. पत्र्यामागे, फरशीखाली किंवा शॉवरच्या भिंतीत जाणाऱ्या दुरुस्तीला पाइपच्या आत बसणारा पितळी तुकडा आणि क्लॅम्प रिंग हाच माझा कौल आहे.

१९९५ च्या आधीची गाडी घेणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी तपासावी. राखाडी रंगाचा, पीबी२११० असा छाप असलेला पाइप दिसला तर तो पेक्स नसून पॉलीब्युटिलीन आहे. अमेरिकेत घरांतल्या या पाइपच्या गळतीवरून १९९५ साली मोठा सामूहिक दावा तडजोडीने मिटला आणि त्यानंतर तो बाजारातून गेला. तो पेक्सशी सांधणारे खास संक्रमण-जोड मिळतात, पण पेक्सचा नेहमीचा तुकडा आणि रिंग त्यावर बसवू नये. एक जोड गळला तर तात्पुरता सांधावा. दुसरीकडेही गळू लागला तर पूर्ण गाडीचा पाइप पेक्सने बदलावा. आरव्हीत एकूण पाइप घरापेक्षा फार थोडा असतो, त्यामुळे हे काम वाटते तितके मोठे नाही.

टाकीच गळत असेल तर तिचे प्लास्टिक आधी ओळखावे. सांडपाण्याची टाकी एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकची असेल तर एबीएसच्या सिमेंटने सांधता येते. ताज्या पाण्याची टाकी बहुधा पॉलिएथिलीनची असते आणि त्यावर नेहमीचा गोंद टिकत नाही. तिला प्लास्टिक वेल्डिंग करणारा माणूस शोधावा किंवा टाकी बदलावी.

काम स्वतः करायचे की कारागीर बोलवायचा, यात फारसा विचार करायचे कारण नाही. दिसणारा जोड, नट, पंपाचा व्हॉल्व्ह आणि टॉयलेटचा व्हॉल्व्ह ही कामे घरच्या माणसाची आहेत. पोटाचा पत्रा उतरवावा लागणार असेल, फरशी पायाखाली दबत असेल किंवा हीटरच्या गॅसच्या भागाला हात लागणार असेल, तर गाडी उभी आहे तिथे येणारा फिरता आरव्ही तंत्रज्ञ बोलवावा. हंगामात विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये गाडी कित्येक आठवडे अडकून पडू शकते, म्हणून वॉरंटीचे काम असेल तरच तिथे न्यावी. दुरुस्ती कोणीही केली तरी पत्रा किंवा फळी लगेच बंद करू देऊ नका. आधी पंपावर आणि मग रेग्युलेटर लावून कॅम्पग्राउंडच्या पाण्यावर एकेक रात्र जाऊ द्या, जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा, आणि शक्य असेल तर थोडे अंतर गाडी चालवून आल्यावर तो पुन्हा पाहा.