ब्रेडेड लाइन, सिंटर्ड पॅड, रेडियल मास्टर सिलिंडर: कशाने किती फरक पडतो

स्पोर्ट्स बाइकच्या पुढच्या ब्रेकसाठी लोक मुख्यतः तीन गोष्टी घेतात: स्टील ब्रेडेड लाइन (ऑइल नेणारी, तारांच्या विणीची नळी), सिंटर्ड पॅड (धातूची भुकटी दाबून, तापवून बनवलेले) आणि रेडियल मास्टर सिलिंडर (लिव्हरने ऑइल ढकलणारा पंप, ज्याचा पिस्टन हँडलला काटकोनात असतो). तिन्ही कामाच्या आहेत, पण तिघांची कामं वेगळी. क्रम चुकला तर पैसे जातात आणि लिव्हर होता तसाच स्पंजासारखा राहतो. आमच्या मते आधी नवं ऑइल, मग लाइन आणि पॅड, आणि मास्टर सिलिंडर सगळ्यात शेवटी. तोसुद्धा हिशोब जुळला तरच.

ऑइलपासून सुरुवात करायचं कारण असं, की लिव्हर मऊ लागण्याचा दोष बऱ्याचदा तिथेच असतो. सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नाही; ग्लायकॉलवर आधारलेलं, हवेतलं पाणी ओढून घेणारं द्रव आहे. डॉट हा अमेरिकी परिवहन खात्याचा दर्जा; त्यातल्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८०. घाटात किंवा ट्रॅकवर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापला की जुनं ऑइल आत उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर थेट हँडलला टेकतो. दोन वर्षांनी ऑइल बदलायलाच हवं, बाइक उभी असली तरी. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते घालू नका. नाव ५.१ सारखं वाटतं, पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता लाइन. आत टेफ्लॉनची नळी, तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या तारांची वीण आणि चांगल्या किटमध्ये वर प्लास्टिकचं आवरण. जोरात ब्रेक मारला की रबरी नळी किंचित फुगते आणि लिव्हरची थोडी चाल त्या फुगण्यात वाया जाते. ब्रेडेड लाइन जवळजवळ फुगत नाही. एवढंच तिचं काम. जाहिरातीत म्हणतात तसा ब्रेकचा दाब तिच्यामुळे वाढत नाही आणि थांबण्याचं अंतरही आपोआप घटत नाही. ते शेवटी टायरची पकड ठरवते. फायदा होतो तो बोटांना: पॅड डिस्कला कधी टेकला आणि टायर कधी सुटायला लागला, हे जास्त स्पष्ट कळतं. रबरी लाइन वर्षभराचीच असेल तर फरक थोडा जाणवेल. सात-आठ वर्षांची असेल तर बाइक बदलल्यासारखं वाटेल, पण त्यातलं अर्धं श्रेय नव्या ऑइलचं असतं हे लक्षात ठेवा.

किट निवडताना आवरण नसलेली उघडी वीण टाळा. ती फेअरिंगला किंवा फोर्कला घासली तर कानशीसारखी रंग खरवडते, आणि विणीत वाळू शिरली की आतली नळीही झिजवते. नळीवर डॉटचा छाप आहे का ते बघा. टोकाची फिटिंग फिरवता येणारी असेल तर बसवणं सोपं जातं. पक्क्या कोनाच्या फिटिंगमध्ये नळी पिळली जाते, आणि पिळलेली नळी दाब आल्यावर सरळ व्हायला बघते, म्हणजे बोल्ट सैल करायला बघते. टेफ्लॉनची नळी एकदा घडी पडून मोडली की ती लाइन टाकूनच द्यायची, हाताने सरळ करून चालत नाही.

बसवताना सगळ्यात महागात पडणारी चूक बॅन्जो बोल्टच्या, म्हणजे लाइनचं टोक जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या आट्यांची. निसिन आणि टोकिको या कंपन्यांच्या बहुतेक कॅलिपरना एम १० बाय १.२५ चे आटे असतात, ब्रेम्बोला सहसा एम १० बाय १.०. चुकीचा बोल्ट हाताने एक-दोन फेरे जातो, मग अडतो. तिथे पाना लावून जोर केला की अ‍ॅल्युमिनियमच्या कॅलिपरचे आटे गेलेच म्हणून समजा. वायसर दर वेळी नवे. एका फिटिंगला दोन, आणि मास्टर सिलिंडरवर एकाच बोल्टवर दोन लाइन येत असतील तर तीन: खाली, मध्ये, वर. बोल्टचा टॉर्क जपानी बाइकच्या मॅन्युअलमध्ये साधारण २३ ते ३५ न्यूटन-मीटर दिलेला असतो. आपल्या बाइकचा नेमका आकडा बघा. किटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे रंगीत बोल्ट आले असतील तर किटवाल्याचा आकडा पाळा, तो कमी असतो. खरं सांगायचं तर स्टीलचेच बोल्ट घ्यावेत. तिथे चार ग्रॅम वाचवून काय करायचंय?

सगळं घट्ट करण्याआधी पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण लोंबकळू द्या आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. लाइन कुठेच ताणली जाता कामा नये, टायरला किंवा रेडिएटरच्या पंख्याला लागता कामा नये. मग फोर्क दाबूनही तेच बघा.

एबीएस असलेल्या बाइकला खास एबीएसचंच किट घ्या, त्यात नळ्या जास्त असतात. मॉड्युलेटर (एबीएसचा दाब कमी-जास्त करणारा भाग) वगळून थेट लाइन जोडणारे सापडतील. त्यांच्या नादी लागू नका. काम चालू असताना ब्रेक ऑइलची टाकी कोरडी पडू देऊ नका, कारण मॉड्युलेटरमध्ये एअर शिरली तर ती साध्या पंपिंगने निघेलच असं नाही. मग डायग्नोस्टिक टूलने आतला पंप चालवावा लागतो.

एअर काढणं हेच खरं काम. २५० मिलीची सीलबंद बाटली पुढच्या बाजूला पुरते. लिव्हर दाबायचा, कॅलिपरवरचं एअर काढायचं निपल पाव फेरा सैल करायचं, बुडबुडे आले की बंद करायचं, आणि मगच लिव्हर सोडायचा. निपल ५ ते ८ न्यूटन-मीटरला बसतं, त्यामुळे लांब पाना वापरू नका, तुटतं. दोन्ही कॅलिपर स्वच्छ झाले तरी लिव्हर मऊच असेल तर संशय मास्टर सिलिंडरच्या बॅन्जोवर घ्यायचा. लाइनचा तो सगळ्यात उंच भाग, आणि एअर तिथेच दडून बसते. फडकं गुंडाळा, लिव्हर दाबून धरा, बोल्ट किंचित सैल करून लगेच आवळा. फुस्स करून फेस येतो. तरीही जरा मऊ वाटला तर लिव्हर रात्रभर दाबून बांधून ठेवा. सकाळी हळूहळू सोडला की वर साचलेले बारीक बुडबुडे टाकीत निघून येतात. पेट्रोलच्या टाकीच्या रंगावर ऑइल सांडलं तर पुसत बसू नका, आधी पाणी ओता.

सिंटर्ड पॅडबद्दल फार शंका नको. पॅडच्या पाठीवर दोन अक्षरं असतात, पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. एचएच म्हणजे दोन्ही वेळा ०.४५ ते ०.५५ च्या पट्ट्यात. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स बाइकला हेच योग्य, पावसातही चटकन पकडतात. शर्यतीचे पॅड रोजच्या वापराला घेऊ नका. ते तापल्याशिवाय चावत नाहीत, आणि सिग्नलवर तुम्ही ते तापवणार कसे? जुन्या डिस्कवर आधीच्या पॅडचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने धुऊन १२० किंवा १८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका खरवडा. मग ताशी ६० वरून १५ पर्यंत दहा-बारा वेळा, दर वेळी थोडा जोर वाढवत वेग उतरवा. पूर्ण थांबून लिव्हर धरून ठेवू नका, नाहीतर गरम पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि लिव्हर धडधडतो. डिस्क वाकली म्हणून टाकून दिल्या जातात, त्यातल्या कित्येकांचा दोष एवढाच असतो. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते; ती मायक्रोमीटरने मोजा. साधा व्हर्नियर न झिजलेल्या कडेवर बसतो आणि जाडी खोटी दाखवतो.

रेडियल मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेम्बोचा १९ आरसीएस सगळ्यांच्या तोंडी असतो. चीज उत्तम आहे यात वाद नाही. १९ म्हणजे पिस्टनचा व्यास मिलीमीटरमध्ये. लिव्हरची टेक (तो ज्या बिंदूवर फिरतो तिथून पिस्टनपर्यंतचं अंतर) १८ किंवा २० मिमीवर स्क्रूड्रायव्हरने फिरवता येते: १८ वर दाब जास्त आणि चाल लांब, २० वर लिव्हर टणक आणि चाल कमी. पण १६ मिमीच्या जागी १९ चा बसवला की पिस्टनचं क्षेत्रफळ ४१ टक्के वाढतं. पिस्टनवर तेवढाच जोर आला तर दाब उलट २९ टक्के घटतो. टेकेच्या अंतराने त्यातलं काही भरून निघतं, सगळं नाही. चार पिस्टनचे दोन कॅलिपर असतील तर १९ शोभतो. सरकत्या, दोन पिस्टनच्या कॅलिपरवर तो लावला तर लिव्हर लाकडासारखा लागतो, आणि मालक खूश होतो कारण ‘किती कडक झाला’. कडकपणा म्हणजे ताकद नव्हे. एकाच डिस्कच्या बाइकला तर नकोच.

आणखी एक धोका स्वस्त बदली लिव्हरचा. मास्टर सिलिंडरच्या आत एक सुईच्या टोकाएवढं भोक असतं; लिव्हर सोडल्यावर तापलेलं, फुगलेलं ऑइल त्यातून टाकीत परत जातं. लिव्हरला खेळ उरला नाही तर पिस्टन ते भोक झाकून बसतो, ऑइलला जागा मिळत नाही, पॅड घासत राहतात, आणखी तापतात आणि चालत्या बाइकचं पुढचं चाक जाम होऊ शकतं. म्हणून बसवून झाल्यावर लिव्हरच्या टोकाला एक-दोन मिमी मोकळा खेळ आहे का बघा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, ब्रेक चांगले तापवून, चाक उचलून हाताने फिरवा. थंड असताना फिरत होतं तेवढंच मोकळं फिरलं पाहिजे. त्याच वेळी प्रत्येक बॅन्जोभोवती कोरडा टिश्यू पेपर दाबून बघा. ओल लागली तर फक्त आवळून सोडून देऊ नका; बोल्ट काढा, वायसर बदला आणि एअर पुन्हा काढा.