पाणी शिरलेलं घर: भाड्यानं ठेवावं की विकून मोकळं व्हावं?

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला चौघांनी विचारला. चौघंही ह्यूस्टनच्या पश्चिमेचे, कॅटी-सिंको रँचच्या पट्ट्यातले, आणि चौघांच्याही घरात ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाचं पाणी शिरलेलं. कुणाची तेल कंपनीतली नोकरी कपातीत गेली, कुणाच्या आईला पुण्यात एकटीनं राहणं झेपेना, कुणाचं ग्रीन कार्ड मुलं एकविशीला टेकली तरी रांगेतच. परत यायचं ठरलंय, पण घर विकायला काढलं की माणसं येतात, स्वयंपाकघराचं कौतुक करतात आणि पुन्हा फिरकत नाहीत.

मी दोन्ही करून बसलोय. आधी पावणेतीन वर्षं भाड्यानं दिलं, मग विकलं. त्यामुळे माझं मत तटस्थ असेलच असं नाही.

आमच्या घराची गंमत अशी, की ते शंभर वर्षांच्या पूररेषेत नव्हतंच. म्हणून बँकेनं पुराचा विमा मागितला नाही आणि आम्हीही घेतला नाही. घर होतं बार्कर धरणाच्या मागे. बार्कर आणि अ‍ॅडिक्स ही १९४० च्या दशकातली मातीची धरणं, एरवी कोरडीच. आत बागा, फुटबॉलची मैदानं. धरण पूर्ण भरलं तर पाणी जिथवर पोचेल तेवढी सगळी जमीन सरकारनं घेतलेली नव्हती. उरलेल्या जागेवर बिल्डरांनी वसाहती उभ्या केल्या. फोर्ट बेंड काउंटीच्या नकाशांवर त्याबद्दल बारीक अक्षरात एक टीप होती म्हणे. घर घेताना नकाशावरची टीप कोण वाचतो? १९६१ साली पानशेत फुटलं तेव्हा आमच्या आजोबांचं घर धरणाच्या खालच्या अंगाला होतं. नातवानं सातासमुद्रापार जाऊन घर घेतलं, ते धरणाच्या पोटात. बावीस इंच पाणी आलं आणि आठवडाभर हललं नाही.

आता भाड्याची बाजू. कागदावर ती चांगलीच दिसते. २०२०-२१ मध्ये ज्यांनी कर्ज बदलून घेतलं, त्यांचा व्याजदर तीन-सव्वातीन टक्के आहे. असं कर्ज पुन्हा मिळायचं नाही. भाडं डॉलरमध्ये येतं. आम्ही निघालो तेव्हा डॉलर चौऱ्याहत्तर रुपयांच्या आसपास होता, विकलं तेव्हा त्र्याऐंशीच्या पुढे. शिवाय भाडेकरूला पुराचं तेवढं वाटत नाही. कॅटीच्या शाळा चांगल्या, घर स्वच्छ, भाडं रास्त, बस. टेक्सासमध्ये २०२२ पासून घरमालकानं मागच्या पाच वर्षांतला पूर भाडेकरूला लेखी सांगायचा असा नियम आहे. म्हणजे हार्वी ऑगस्ट २०२२ नंतर त्या यादीतून आपोआप गळला. घर विकताना विक्रेत्यानं भरून द्यायच्या फॉर्ममधून मात्र तो कधीच गळत नाही.

खर्चाचं थोडक्यात सांगतो, कारण हिशेब प्रत्येकाचा वेगळा. तुम्ही बाहेर पडलात की होमस्टेडची, म्हणजे राहत्या घराची करसवलत जाते, आणि तिच्याबरोबर कराचं मूल्यांकन वर्षाला दहा टक्क्यांच्या वर न चढण्याचं संरक्षणही. पुराच्या विम्यावरचा पंचवीस डॉलरचा अधिभार अडीचशे होतो. साधा विमाही भाड्यानं दिलेल्या घराचा घ्यावा लागतो, तो महाग. वर घर आणि भाडेकरू सांभाळायला मॅनेजर ठेवलात तर त्याचे टक्के. आमच्या बाबतीत वर्षाच्या बारापैकी पाच महिन्यांचं भाडं निव्वळ कर आणि विमे खायचे. तरीही हप्ता भागून थोडं उरत होतं, हे मान्य करतो. पैशासाठी मी ते घर सोडलं नाही.

सोडलं ते एका फोटोमुळे. खरं तर अशा पंधरा-वीस फोटोंमुळे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये नांदेडकडचा एक मुलगा आणि त्याची बायको राहायला आली, सोबत चार महिन्यांचं बाळ. हार्वीत पाणी आलं होतं हे मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. सांगताना ‘तेव्हा सगळीकडेच आलं होतं’ हेही जोडलं होतं. दोघं फार सज्जन. भाडं एक तारखेच्या आत, हिरवळ कापलेली. पण ह्यूस्टनचा पाऊस त्यांना नवा होता. तिथले रस्ते मुद्दामच असे बांधलेत, की जोराच्या सरीत नाल्यांना पेललं नाही तर पाणी काही वेळ रस्त्यानं धरून ठेवावं. दोन तासांत ते उतरतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, गल्लीत नदी आली.

पुण्यात दुपारचे दोन. मी जेवून जरा पडलेलो. तिकडे रात्रीचे अडीच. फोन थरथरतो. फोटोत आमची पोर्च, पिवळा दिवा, लाल टपालपेटी आणि तिच्या पायाशी चकाकणारं पाणी. खाली एकच ओळ: ‘काका, हे नॉर्मल आहे का?’

उत्तर ‘हो’ असंच होतं. पाणी रस्त्याकडेच्या कर्बच्या वर, पण दारापासून बरंच खाली. मी काउंटीच्या संकेतस्थळावर बफेलो बायू या ओढ्याची पातळी पाहायचो, बार्करमध्ये किती साठलंय ते पाहायचो, रडार पाहायचो. सगळं ठीक असायचं. आणि तरी ‘नॉर्मल’ हा शब्द बोटांतून उतरायचा नाही. २७ ऑगस्ट २०१७ च्या संध्याकाळी मी हाच शब्द बायकोला म्हणालो होतो. मग मी लिहायचो, ‘गाडी ड्राइव्हवेत वर घे, बाकी काळजी नको.’ आणि तिकडे पहाट होऊन ‘उतरलं काका’ येईपर्यंत इकडे माझी दुपार वाया. तिथे राहत असताना असा पाऊस आला तर मी निदान दार उघडून बघू शकत होतो.

तुम्हाला कदाचित याचं काही वाटणार नाही. माझ्या एका मित्राचं घर तसंच भाड्यानं आहे. सगळे फोन मॅनेजरला जातात आणि हा निवांत झोपतो. मीही मॅनेजर ठेवायला हवा होता, असं बायको म्हणते. पण मॅनेजरही त्या पोराला काय सांगणार होता?

आता विक्रीची बाजू, आणि ती गोड नाही. सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासमध्ये विक्रेत्याच्या फॉर्मवर पुराचे प्रश्न वाढले: घरात पूर्वी पाणी शिरलं का, घर जलाशयाच्या बुडित क्षेत्रात येतं का, सरकारी मदत घेतली का. आमच्या फॉर्मवर ‘हो’ची रांगच लागली. त्यात २०२४ चा वसंत, गृहकर्ज सात टक्क्यांच्या घरात. सात टक्के भरणारा माणूस धरणाच्या पोटात कशाला येईल? सात आठवडे एक ऑफर नाही.

आल्या त्या रोखवाल्यांच्या, विजेच्या खांबांवर पाट्या लावणाऱ्या मंडळींच्या. भाव मागितल्याच्या दोन तृतीयांश. इथे परत आलेल्यांसाठी एक खाच आहे, ती नीट पाहा. ग्रीन कार्ड नसताना देश सोडून तुम्ही कराच्या दृष्टीनं परदेशी झालात, की घर विकताना साधारणपणे पूर्ण किमतीच्या पंधरा टक्के रक्कम खरेदीदारानं कापून कर खात्यात भरायची असते. नफ्याच्या नव्हे, किमतीच्या. विवरणपत्र भरून जास्तीची परत मिळते, पण सावकाश. घेणारा स्वतः राहायला येणार असेल आणि किंमत तीन लाख डॉलरच्या आत असेल तर ही कपात नाही. रोखवाला गुंतवणूकदार राहायला येत नसतो, त्यामुळे त्याच्या कमी भावातूनही पंधरा टक्के अडकतात. म्हणून राहायला येणाऱ्या कुटुंबाची वाट पाहणं मला तरी परवडलं.

आम्ही थांबलो आणि मे महिन्यात घर गेलं, तीन लाखांच्या थोडं आत. आमच्याच नकाशाचं, पाणी न शिरलेलं, चार गल्ल्या पलीकडचं घर याहून पन्नासएक हजार डॉलर जास्तीला गेलं होतं. घेणारं जोडपं कॅटीचंच, साठीच्या पुढचं. आजींनी फॉर्म शांतपणे वाचला आणि विचारलं, पाणी किती होतं? बावीस इंच, असं एजंटानं सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या जुन्या घरात चार फूट होतं. आमचं त्यांना किरकोळ वाटलं. त्यांनी शीटरॉक, म्हणजे भिंतींचे भिजलेले जिप्समचे पत्रे, किती उंचीपर्यंत कापला ते विचारलं, बुरशी काढल्याचं प्रमाणपत्र मागितलं, आणि पुराचा विमा आम्ही नंतर घेतला होता की नाही ते पाहिलं. दुरुस्तीचे फोटो तारखेनिशी एका फाइलमध्ये होते, त्याचा तेव्हा उपयोग झाला. अशा घराला कोरड्या गावातला गिऱ्हाईक शोधू नका. ज्याची चप्पल एकदा भिजलीय तोच घेतो.

कुणी म्हणतं, सरकारकडून भरपाई यायचीय, तोवर घर धरून ठेवा. धरणामागच्या घरांबाबत डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं सरकारला जबाबदार धरलं, हे खरं. पण आमच्या वकिलानं सांगितलं, की दावा पाणी शिरलं तेव्हाच्या मालकाचा असतो, घर विकल्यानं तो जात नाही. तेव्हा हे कारण यादीतून काढून टाकायला हरकत नसावी.

मग भाड्यानं कुणी ठेवावं? तीन टक्क्यांचं कर्ज आहे, दोन वर्षांत परत जायची खरी शक्यता आहे आणि जवळ राहणारा सख्खा भाऊ किंवा तसाच मित्र आहे, त्यानं जरूर ठेवावं. ज्याला ‘भाव सुधारला की विकू’ असं वाटतंय, त्यानं मात्र कॅलेंडर पाहावं. मागच्या पाच वर्षांत दोन वर्षं स्वतः राहिलेल्या घराच्या नफ्यावर माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत कर लागत नाही. म्हणजे घर सोडल्यापासून हातात तीनच वर्षं. आम्ही शेवटच्या महिन्यात विकलं. पुन्हा वेळ आली तर विमानात बसण्याआधीच विकेन, पन्नासच्या जागी सत्तर हजार कमी आले तरी.

नांदेडचा मुलगा आता दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. घर त्यालाच देऊ केलं होतं, स्वस्तात. तो हसून म्हणाला, ‘काका, नको.’ जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळात त्यांची वीज चार दिवस गेली, तेव्हा त्यानं मेणबत्तीचा फोटो पाठवला, प्रश्न विचारला नाही. त्याच महिन्याच्या २५ तारखेला खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकच्या वर पाणी सुटलं, सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत लोकांना बोटीतून काढावं लागलं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: ‘काका, तुमच्याकडे पाणी?’

चौथ्या मजल्यावर आहे, असं मी कळवलं.