नायक काढून टाकला तर काय उरतं? ख्रिस्ती ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्या काही महिने वाचल्यावर

गेले काही महिने मी जवळजवळ एकाच जातीच्या कादंबऱ्या वाचते आहे. इंग्रजीतल्या ख्रिस्ती ऐतिहासिक प्रणयकथा, आणि त्यातही ज्यांच्या मलपृष्ठावर नायिका 'कणखर', 'जिद्दी', 'काळाच्या पुढची' वगैरे असल्याची ग्वाही दिलेली असते त्या. बऱ्याचशा ई-बुक रीडरवर, काही ऑडिओवर. मी ख्रिस्ती नाही आणि प्रणयकथांची मोठी चाहतीही नाही. मला ओढ होती ती एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेची. आधीच सांगते: यातलं प्रेम बहुतेकदा बेताचं निघतं. बाईने पोटासाठी केलेलं काम मात्र ज्या पुस्तकांत नीट येतं, ती पुस्तकं हातातून सुटत नाहीत.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. 1967 साली 'क्रिस्टी' ही कादंबरी आली. त्यातली तरुण शिक्षिका 1912 मध्ये पूर्व अमेरिकेतल्या ॲपलाचियाच्या डोंगरातल्या गरीब वस्तीत शिकवायला जाते. अमेरिकेत ख्रिस्ती कथासाहित्याला दिले जाणारे पुरस्कार आज याच कादंबरीच्या नावाने ओळखले जातात. मग 1979 मध्ये जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' आली आणि साचा पक्का झाला. गवताळ माळरानावर नवरा गमावलेली गरोदर बाई, पदरात लहान मुलगी असलेला विधुर, आणि निव्वळ सोय म्हणून केलेलं लग्न. आधी लग्न, मग प्रेम. मराठी वाचकाला हा क्रम काही नवा वाटायचा नाही, त्यामुळे मला त्यात शिरायला वेळ लागला नाही. 1991 ची 'रिडीमिंग लव्ह' जास्त काळोखी आहे. बायबलमधल्या होशेयाची, म्हणजे सोडून गेलेल्या बायकोला परत आणणाऱ्या संदेष्ट्याची, गोष्ट तिने सोन्याच्या मागे धावणाऱ्या कॅलिफोर्नियात नेऊन ठेवली.

नियम ठरलेले असतात. शिव्या नाहीत, शयनगृहाचं दार बंद, चुंबन उशिरा, शेवट लग्नाने (किंवा लग्न आधीच झालं असेल तर मनं जुळून), आणि प्रेमाच्या गोष्टीला समांतर देवाशी चाललेली एक गोष्ट. बंद दाराचा मला फायदाच झाला. सगळी ओढाताण बोलण्यात, कामात आणि न बोललेल्या गोष्टींत आणावी लागते. ज्या लेखिकेला संवाद जमतात तिचं पुस्तक त्यामुळे उजळतं. जिला जमत नाहीत तिची पात्रं पानोपानी लाजत आणि उसासे टाकत बसतात.

आता कामाबद्दल, कारण सांगण्यासारखं खरं तेच आहे.

1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर सरकारी जमीन मिळण्याची सोय केली. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं आणि जमीन कसायची. एकवीस वर्षं पूर्ण झालेली अविवाहित बाई, विधवा, घटस्फोटित किंवा कुटुंबाचा भार वाहणारी बाई स्वतःच्या नावाने हा दावा लावू शकत होती. नवऱ्याच्या घरी नांदणाऱ्या बाईला ती मुभा नव्हती. म्हणजे या कथांतला नायक जेव्हा लग्नाचं विचारतो तेव्हा प्रश्न हृदयाइतकाच सातबाऱ्याचाही असतो. चांगल्या लेखिका हा पेच हातचा सोडत नाहीत. 'हो' म्हणायच्या आधी नायिका हिशेब करते, आणि तो हिशेब वाचताना जो ताण जाणवतो तो कुठल्याही चांदण्या रात्रीच्या प्रसंगात नाही.

शिवाय तिथलं जगणं. माळरानावर झाडं नाहीत, म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीचे ठोकळे कापून घर रचायचं. सरपण नाही, म्हणून बायसनच्या वाळलेल्या शेणावर चूल पेटवायची. 12 जानेवारी 1888 ला अशाच प्रदेशात, उबदार सकाळीपाठोपाठ अचानक हिमवादळ कोसळलं. दोनशेहून जास्त माणसं गेली आणि त्यांत बरीच शाळेतली मुलं होती. एका खोलीच्या शाळेतली तरुण शिक्षिका मुलांना घरी सोडायचं की शाळेतच ठेवायचं हे ठरवते आहे, सरपण संपत आलंय, दार उघडलं तर हाताचं बोट दिसत नाही. असा प्रसंग असला की मलपृष्ठावर 'कणखर' छापायची गरज उरत नाही.

दुसरं एक कामाचं जग मला याच वाचनातून कळलं: हार्वे गर्ल्स. फ्रेड हार्वे यांनी सांता फे रेल्वेच्या मार्गावर उपाहारगृहं काढली आणि 1883 पासून तिथे वाढपी म्हणून तरुणी नेमायला सुरुवात केली. वय अठरा ते तीस, काळा पोशाख आणि पांढरा एप्रन, राहायला वसतिगृह, वर देखरेखीला बाई, आणि करारात ठरावीक मुदतीपर्यंत लग्न न करण्याची अट. प्रणयकथा लिहिणारीला याहून चांगला अडथळा आयता कुठे मिळणार? पण मला जास्त आवडला तो पगार हातात पडल्यावर नायिकेने घरी पैसे पाठवण्याचा भाग.

कायद्याची दुसरी बाजूही येते. इंग्रजी परंपरेतून आलेल्या कायद्यात लग्नानंतर बायकोचं स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरून जायचं. तिची मिळकत, तिचे करार, सगळं त्याचं. न्यूयॉर्कने 1848 च्या कायद्याने विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क दिला. इतर राज्यं आपापल्या गतीने बदलली. या कादंबऱ्यांत सद्गुणी बाईचा दाखला म्हणून बायबलमधल्या नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय हटकून येतो. मी तो मुळातून वाचून काढला. त्यातली बाई शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रं विणून विकते. म्हणजे ज्या बाईचा आदर्श चर्चमध्ये वाचून दाखवला जायचा, तिचा व्यवहार कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या विवाहितेला स्वतःच्या नावाने करताच आला नसता. हा विरोधाभास एखाद्या लेखिकेने पात्राच्या तोंडी घातला की मी खूश. बहुतेक जणी अध्यायाचा उल्लेख करतात आणि शेताच्या ओळीवरून पुढे सरकतात.

मग खोटा कणखरपणा. तो ओळखायला वेळ लागत नाही. नायिका पहिल्याच प्रकरणात पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून घोड्यावर बसते, कुणाला तरी टोमणा मारते, आणि तिचा कणखरपणा तिथेच संपतो. शेवटून तिसऱ्या प्रकरणात तिला खलनायक पळवून नेतो आणि नायक सोडवतो. 1870 मधली ही मुलगी आजच्या वृत्तपत्रातल्या लेखासारखी मतं मांडते. त्या काळी बायकांना मतं नव्हती असं मला म्हणायचं नाही. वायोमिंगने 1869 मध्येच बायकांना मतदानाचा हक्क दिला होता आणि एलिझाबेथ ब्लॅकवेल 1849 मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. पण त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. या नायिकांना कुणी वाळीत टाकत नाही, त्यांची नोकरी जात नाही, त्यांची आईसुद्धा दोन पानांत राजी होते. मी आता एक साधी परीक्षा घेते: नायक मनातल्या मनात काढून टाकायचा आणि मागे गोष्ट उरते का ते बघायचं. उरली तर पुस्तक पूर्ण करायचं.

श्रद्धेच्या बाजूबद्दल मला सगळ्यात जास्त धाकधूक होती. प्रवचन ऐकावं लागेल असं वाटलं होतं, आणि काही पुस्तकांत ते ऐकावं लागलंच. नायिका प्रार्थना करते, पुढच्या पानावर पाऊस पडतो. असं दोनदा झालं की मला पुढचं सगळं दिसू लागतं. पण जिथे देव गप्प राहतो, मूल दगावतं, पीक टोळ खाऊन टाकतात, आणि तरी बाई रविवारी गाणं म्हणायला उभी राहते, तिथे मी ख्रिस्ती नसूनही थांबून ते पान पुन्हा वाचलं. श्रद्धा तिथे स्वभावाचा भाग होऊन येते.

अडचण होते ती नायकाच्या मतपरिवर्तनात. बायबलमध्ये करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात विश्वास न ठेवणाऱ्याशी विजोड नातं जोडू नये असं सांगितलं आहे, आणि हा प्रकार तो नियम कडक पाळतो. त्यामुळे देवावर रुसलेल्या नायकाचं मन लग्नाआधी वळलंच पाहिजे. बहुधा ते एका रात्रीत वळतं, गोठ्यात किंवा नदीकाठी. हे वाचताना मला सारखी 'स्मृतिचित्रे' आठवत राहिली. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या वर्षांतला ताटातुटीचा संताप, सोवळ्याओवळ्याची ओढ, हळूहळू ढिली होत गेलेली मनाची गाठ आणि या सगळ्यावर स्वतःलाच हसणारी ती बाई! ज्यांनी ते वाचलंय त्यांना गोठ्यातलं एका रात्रीचं परिवर्तन पचणं कठीण. तसं पाहिलं तर ख्रिस्ती दृष्टीतून बाईच्या जगण्याची कादंबरी मराठीत फार आधीच आली होती. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 ची आहे. तीत विधवांच्या हालांपुढे प्रणयाला जागा थोडीच.

या पुस्तकांबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार जमिनीचीच आहे. नायिका ज्या 160 एकरांसाठी झिजते ते एकर कुणाचे होते, हे कित्येक पुस्तकं विचारतच नाहीत. मूळ रहिवासी येतात ते धोका म्हणून, नाहीतर एखादा शहाणा म्हातारा म्हणून. या वादाचा कडेलोट 2021 मध्ये झाला. अमेरिकेतल्या प्रणयकथालेखकांच्या संघटनेने धार्मिक आशयाच्या गटात एका कादंबरीला पुरस्कार दिला. तिचा नायक 1890 च्या वूंडेड नी इथे लकोटा या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांच्या कत्तलीत सामील झालेला घोडदळातला अधिकारी होता आणि पुढे पश्चात्तापातून त्याचा उद्धार होतो. गदारोळ झाला आणि संघटनेने पुरस्कार मागे घेतला. नायकाला क्षमा करायला देव तयार असेल, पण मेलेल्या बायकामुलांच्या वतीने लेखिकेने ती परस्पर वाटावी का, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

वाचायला सुरुवात करणाऱ्यांसाठी काही फुटकळ गोष्टी. शेवटी लेखिकेची ऐतिहासिक टीप असते. ती आधी वाचा, कथानक थोडं फुटलं तरी चालेल. काय खरं आणि काय रचलेलं हे तिने मोकळेपणाने सांगितलं असेल तर पुस्तक सहसा विश्वासाचं निघतं. मालिकेतला पहिला भाग स्वस्तात देण्याची पद्धत आहे, तिसऱ्या भागापर्यंत मात्र नायिकेच्या सगळ्या बहिणींची लग्नं लागेपर्यंत दम धरावा लागतो. मी दुसऱ्यावरच थांबते. मुखपृष्ठावरून काही कळत नाही, कारण पाठमोरी बाई, लांब झगा आणि मागे डोंगर हे सगळ्यांनाच. ऑडिओवर टेक्ससचे उच्चार ऐकायला मजा येते, पण प्रार्थनेचे उतारे निवेदिका फार भिजवून वाचतात. ते डोळ्यांनी वाचलेले बरे. आणि इंग्लंडमधल्या सरदारकन्यांच्या कथा मी सोडून दिल्या. त्यांत कुणी कामच करत नाही.

सध्या कादंबऱ्यांच्या मधेमधे त्याच काळच्या बायकांचं स्वतःचं लिखाण घेते आहे. एलिनोर प्रुइट स्टीवर्ट यांची पत्रं 1914 मध्ये पुस्तकरूपाने आली. लहान मुलीला घेऊन त्या डेन्व्हरहून वायोमिंगला एका शेतकऱ्याकडे घर सांभाळायच्या नोकरीवर गेल्या, 1909 मध्ये त्याच्या शेजारच्या जमिनीवर स्वतःच्या नावाने दावा लावला आणि लगेचच त्याच्याशी लग्न केलं. डेन्व्हरच्या जुन्या मालकिणीला त्या लांबलचक, खुसखुशीत पत्रं पाठवत होत्या. गवत कापलं, गाई दोहल्या, डोंगरात मुक्काम केला, सगळं त्यात आहे. लग्नाची बातमी मात्र त्यांनी बरेच महिने लिहिलीच नाही.