पिक्सिस: औषधांचे संगणकीय कपाट कितपत सुरक्षित?
वॉर्डात औषधे ठेवण्याचे पिक्सिस हे संगणकीय कपाट विकताना सुरक्षितता हा त्याचा मोठा गुण सांगितला जातो. त्या दाव्याची सर्वांत कठोर परीक्षा अमेरिकेत, न्यू जर्सीतील सॉमरसेट मेडिकल सेंटरमध्ये 2003 साली झाली असल्यामुळे हे परीक्षण तिथूनच सुरू केलेले बरे.

नर्सने आपला संकेतांक टाकून रुग्ण आणि औषध निवडले की खण उघडतो, आणि कोणी, केव्हा, कोणाच्या नावावर काय काढले याची नोंद होते. मोजदाद आणि बिलाच्या कामी ही सोय उत्तमच आहे. सॉमरसेटमध्ये रुग्णांचे खून करणाऱ्या चार्ल्स कलन या नर्सने मात्र तिच्यातली फट हेरली. तो डिगॉक्सिनची मागणी नोंदवून ती लगेच रद्द करी. तोवर खण उघडलेला असे आणि औषध हाती लागे. हृदयविकारावरचे हे औषध अतिमात्रेत गेले तर हृदयाचे ठोकेच बिघडवते, आणि अतिदक्षता विभागातला मृत्यू सहसा कोणाला खटकत नाही.

तरीही सगळा दोष यंत्राच्या माथी मारणे मला पटत नाही. रद्द झालेल्या मागण्याही कपाटाने इमानेइतबारे टिपून ठेवल्या होत्या. त्या नोंदी पोलिसांनी दाखवल्यावर एमी लॉफ्रेन या सहकारी नर्सला कलनचा डाव उमगला आणि डिसेंबरमध्ये त्याला अटक झाली. वास्तविक राज्याच्या विषबाधा केंद्राने रुग्णालयाला जुलैमध्येच सावध केले होते! कलनने पुढे न्यायालयात 29 खुनांचा गुन्हा कबूल केला.

म्हणून कपाट घेणाऱ्या व्यवस्थापनाने खणांची संख्या विचारण्याआधी रद्द मागण्यांचा अहवाल कोणाच्या टेबलावर जाणार आणि तो कोण वाचणार हे ठरवावे. फार्मासिस्टने तपासलेलीच औषधे त्या रुग्णासाठी मिळू देण्याची सोय यात आहे, पण तातडीच्या प्रसंगासाठी ठेवलेली सवलत सर्रास वापरली गेली तर तिचा उपयोग शून्य.

आणि कपाटाबाहेरच्या वस्तूंचे काय? न्यू जर्सीतीलच सेंट बार्नबस रुग्णालयात कलन कामाला असताना, 1991 साली, सलाइनच्या पिशव्यांत इन्सुलिन मिसळलेले आढळले होते. कोठीत उघड्यावर ठेवलेल्या पिशव्यांवर कितीही महागड्या कपाटाचा अंमल चालत नाही; त्यांच्यासाठी कुलपाचा आणि माणसाच्या पहाऱ्याचा खर्च वेगळा धरावा लागेल.