आठ महिने ट्रोप-विकी वापरून: व्याख्या उत्तम, उदाहरणं सांभाळून

आमचा ग्रुप दरवर्षी एकांकिका बसवतो. संहितेवर बोलताना नेमके शब्द हाताशी असावेत म्हणून गेले आठ महिने मी ट्रोप्सचा, म्हणजे गोष्टींमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या ठरावीक क्लृप्त्यांचा, एक मोठा इंग्रजी विकी जवळपास रोज उघडतेय. एकेका ट्रोपचं एकेक पान: वर व्याख्या, खाली वाचकांनी भरलेली उदाहरणं. अलीकडे स्वतः नोंदीही करते. व्याख्या मनापासून आवडल्या. त्रास होतो तो खालच्या उदाहरणांचा.

‘चेकॉव्हची बंदूक’ घ्या. झाडायची नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये, असं रशियन नाटककार चेकॉव्हनं १८८९ साली एका पत्रात लिहिलं होतं. विकीची व्याख्याही नेमकी आहे: आधी किरकोळ वाटलेली वस्तू पुढे निर्णायक ठरली पाहिजे. आणि खाली नोंद अशी, की पहिल्या भागात नायिकेकडे लाल छत्री असते आणि शेवटच्या भागातही तीच दिसते. अहो, पण त्या छत्रीनं केलं काय? मी नोंद काढली, कारणही लिहिलं. तिसऱ्या दिवशी ती परत आली, आणखी दोन वाक्यं जोडून.

‘फ्रिजमधली बाई’ या पानाचं मला जास्त वाईट वाटतं. १९९४ साली ‘ग्रीन लँटर्न’ या अमेरिकन सुपरहिरो कॉमिकच्या ५४व्या अंकात खलनायक नायकाच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबतो. त्यावरून नाव घेऊन कॉमिक्स-लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये कॉमिक्समधल्या अशा स्त्रियांची यादी केली. त्यांचं बोट नेमक्या जागी होतं: बाई मरते ती नायकाला पेटवण्यासाठी, तिच्या स्वतःच्या गोष्टीला त्यात जागाच नसते. आता त्याच पानावर म्हातारपणानं गेलेली आजी आहे आणि स्वतः ठरवून किल्ला लढवत पडलेली सेनापतीही. तिला तिथे बसवलं की तिचा निर्णयच पुसला जातो. नाव इतकं चटकदार आहे की लोक व्याख्येपर्यंत जातच नाहीत. साध्या, रुक्ष नावांची पानं त्यामानानं स्वच्छ सापडली.

याचा फटका आम्हाला तालमीत बसला. आमच्या शेवटाला शेजारीण किल्ली घेऊन येते. एक जण म्हणाला, हा ‘देउस एक्स माकिना’ (ऐनवेळी बाहेरून आणलेली सुटका) आहे, काढून टाका. ग्रीक नाटकात यारीनं (क्रेननं) देव खाली उतरवून गुंता सोडवायचे, त्यावरून आलेला हा शब्द. पण आमची शेजारीण दुसऱ्याच प्रवेशात किल्ली मागून घेते! त्यानं फक्त उदाहरणं वाचली होती, आणि तिथे ऐनवेळी झालेली कुठलीही सुटका चालते. तासभर वाद झाला, चांगला शेवट थोडक्यात वाचला.

पाचपैकी साडेतीन तारे. व्याख्या दोनदा वाचा, उदाहरण स्वतः पाहिलेल्या कलाकृतीचं असेल तरच धरा. स्वयंसेवक एकेक दुवा तपासून पानं साफ करतात, कधी नावही बदलतात, पण ते काम फार संथ चालतं. छत्रीची नोंद मी काल पुन्हा काढली आणि या वेळी कारणात व्याख्येतलं वाक्यच्या वाक्य उतरवलं.