बीप वाजला म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला असं नाही

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांच्या सीझनमध्ये ज्यांचा साउंड, ऑर्गन, ऑक्टोपॅड गावोगाव फिरतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दुकानाचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पाटी उद्या बदलेल, पद्धत तीच राहील.

मी नाटक मंडळीत ऑर्गन वाजवतो. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत आज कुरखेड्याकडं, उद्या सिंदेवाहीकडं. नाटक रात्री उभं राहतं, पहाटे संपतं, सकाळी टेम्पो पुढच्या गावाला. सामान बिघडलं तर दुरुस्तीला हातात एकच दिवस, आणि संध्याकाळी तिकिटं विकलेली असतात. दुकानदाराला हे आपल्याइतकंच पक्कं ठाऊक असतं. वडशाची, म्हणजे नाटक मंडळींच्या गावाची, पाटी असलेला टेम्पो दारात थांबला की तो घड्याळ बघतो.

आमच्या बाबतीत झालं असं. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गर्दीत ट्रॅक्टरची ट्रॉली स्पीकरच्या वायरवरून गेली. वायर आतल्या आत चेपून शॉर्ट झाली आणि शेवटच्या अंकात अॅम्प्लिफायर बसला. साउंडवाला सकाळीच बाकीचं सामान घेऊन पुढच्या गावाला गेला, कारण मंडप बांधायचा होता. अॅम्प घेऊन मी आणि ड्रायव्हर वाटेतल्या दुकानात.

“होऊन जाते ना भाऊ, टेन्शन नोका घेऊ. चहा घ्या,” असं स्वागत झालं. पेटी उघडली, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाला, “तुमचा तर ट्रान्सफॉर्मरच गेला ना बाप्पा!” मी म्हटलं, जळका वास तर येत नाही. त्यावर त्यानं मल्टीमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो त्यावर) ठेवला आणि ट्रान्सफॉर्मरच्या दोन जाड वायरींना टोकं लावली. बीप. “पाहा, शॉर्ट आहे.” सोबत “आठही ट्रान्झिस्टर उडाले”. वाइंडिंग (ट्रान्सफॉर्मरची तार नव्यानं गुंडाळणं), ट्रान्झिस्टर, मजुरी मिळून ७,५०० रुपये. दुपारी चारला या म्हणाला.

चारला गेलो तर ट्रान्सफॉर्मर चकचकीत, ताज्या वार्निशचा वास दुकानभर. अॅम्प वाजला. पैसे फोनवरून दिले. जुने पार्ट मागितले तर “ते भंगारवाला घेऊन गेला”. दोन तासांत भंगारवाला येऊन गेला म्हणे!

त्या रात्री पहिला अंक ठीक गेला. दुसऱ्यात गाण्याला आवाज चढवला आणि डाव्या बाजूनं फट्‌ करून धूर. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, आतला डीसी थेट स्पीकरवर गेला आणि १५ इंची स्पीकरची व्हॉइस कॉइल जळाली. गावातल्या डीजेवाल्या पोट्ट्यानं त्याचा सेट दिला म्हणून नाटक पार पडलं.

दुसऱ्या दिवशी साउंडवाल्यानं पेटी उघडली. ट्रान्सफॉर्मरवरच्या वार्निशला त्यानं नख लावलं. चिकट. आणि त्या वार्निशखाली धूळ, तिच्याखाली कंपनीचा जुना कागदी स्टिकर. तार कोणी उकललीच नव्हती, वरून ब्रश फिरवला होता. भादव्यात जुन्या मूर्तीला रंग मारावा तसा.

मग त्या बीपचं काय? सेकंडरीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या अॅम्पकडच्या बाजूचं, वाइंडिंग जाड तारेचं असतं, त्याचा रेझिस्टन्स एखाद्या ओमच्या आसपास. कोऱ्या ट्रान्सफॉर्मरवरही तिथं बीप वाजतोच. खरी तपासणी सिरीज बोर्डवर, म्हणजे सप्लायच्या वाटेत बल्ब जोडलेल्या बोर्डवर, होते. सेकंडरीच्या सगळ्या वायरी सर्किटपासून सोडवायच्या, टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत, आणि प्रायमरीला (मेन सप्लायकडच्या बाजूला) १०० वॅटच्या बल्बमधून सप्लाय द्यायचा. बल्ब क्षणभर उजळून विझला किंवा नुसता मंद राहिला तर ट्रान्सफॉर्मर धडधाकट. भगभगत राहिला तर गेला. दोन मिनिटांचं काम आहे आणि सिरीज बोर्ड प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानात भिंतीला लटकलेला असतो. दुकानदाराला तेवढंच करून दाखवायला सांगा. मेन सप्लायच्या वायरीला स्वतः हात लावू नका.

ट्रान्झिस्टरची गोष्ट याहून वाईट. आमच्या अॅम्पमध्ये ५२०० आणि १९४३ नंबरच्या ट्रान्झिस्टरांच्या चार जोड्या होत्या, कंपनीच्या अस्सल. ट्रान्झिस्टर उडाला की त्याला जोडलेला एमिटर रेझिस्टरही बहुधा जळतो; ते एकाच जोडीचे नवे दिसत होते, बाकी सगळे मूळचे. म्हणजे उडाली होती एक जोडी. उरलेले सहा चांगले ट्रान्झिस्टर काढून घेतले आणि आठही जागी नकली बसवले. साउंडवाल्यानं थिनरचा बोळा फिरवला तर ‘तोशिबा’ पुसून बोळ्यावर आलं. या नंबरांचा डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे. वरचं प्लास्टिक तेच, आतली चिप लहान, हळू आवाजात वाजते, जोर लावला की जाते. म्हणून दुकानात टेस्टिंगला सगळं ठीक वाटतं.

ते सहा गेले कुठं, याचा अंदाज नंतर आला. लाखांदूरकडच्या एका साउंडवाल्यानं मला “काढीव ओरिजिनल” दाखवले, त्याच दुकानातून घेतलेले, पाय आखूड कापलेले, टोकाला जुनं सोल्डर. आमचेच होते असं छातीठोक सांगता येत नाही.

आता आमच्या मंडळीत पार्ट ओळखायची सोय झाली आहे. मेकअपच्या पेटीत नेलपॉलिश असतंच. प्रत्येक ट्रान्झिस्टरवर, ट्रान्सफॉर्मरवर आणि बोर्डाच्या कोपऱ्यावर लाल ठिपका आहे. दुकानात पेटी उघडली की आधी फोटो काढतो, आणि काढलेला पार्ट जळका असला तरी परत देणार का, हे काम सोपवण्याआधी विचारतो. यावर एक जण आमच्यावर चिडला. तिथून उठलो. साउंडवाला दोन अस्सल जोड्या, मायका (ट्रान्झिस्टरखाली घालायची पातळ चकती) आणि फ्यूज डब्यात घेऊनच फिरतो.

पैशाचं म्हणाल तर दुकानदाराला फोन केल्यावर उत्तर आलं, “इलेक्ट्रॉनिक मालाची ग्यारंटी नसते.” मग स्टिकरचा फोटो, पुसलेल्या ट्रान्झिस्टरचा फोटो आणि पैसे दिल्याची नोंद पाठवली, आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करतो असं कळवलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. तो म्हणाला, “एवढ्यासाठी कशाले आयोग?” आणि वाइंडिंगचे पैसे त्याच दिवशी परत आले. ट्रान्झिस्टरचे आले नाहीत. व्हॉइस कॉइल आम्ही नागपूरहून पदरच्या पैशानं भरून आणली. कच्च्या चिठ्ठीवर त्यानं फक्त ‘रिपेरिंग’ लिहिलं होतं. पार्टांची नावं आणि संख्या लिहून घेतली असती तर पुढं भांडता आलं असतं, असं तक्रारीचं बघणाऱ्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं.