एक गळ्यात, एक खिशात: दोन कॅमेऱ्यांसोबतचे नऊ महिने

गेल्या तुळशीच्या लग्नाआधी आठ दिवस मी रिको जीआर थ्री हा खिशात मावणारा छोटा कॅमेरा घेतला. आता आषाढी होऊन गेली. म्हणजे लग्नांचा एक अख्खा सीझन, कुरडयांचा उन्हाळा आणि एक वारी, एवढं त्याच्यासोबत निघालं. मी फलटणला लग्नाचे फोटो काढतो. पोटापाण्याचा कॅमेरा सोनी ए७ फोर, त्यावर बहुतेक वेळ २४-७० जीएम टू ही लेन्स. तेव्हा हे लिहिणं या दोघांबद्दल आहे.

छोटा घ्यायचं कारण मान. सोनीची बॉडी बॅटरी-कार्डासकट ६५८ ग्रॅम, लेन्स ६९५ ग्रॅम, डोक्यावर फ्लॅश. सकाळच्या हळदीपासून संध्याकाळच्या पाठवणीपर्यंत हे सगळं गळ्यात. मागच्या वर्षी डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला आणि म्हणाले, वजन कमी करा. माझं की कॅमेऱ्याचं, ते विचारायचं राहून गेलं. मी सोयीचा अर्थ घेतला.

हिशोब सरळ होता. विधी सोनीवर, आणि पाहुणेमंडळी, पंगत, मांडव, रुसवेफुगवे छोट्यावर. आत २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर, म्हणजे परवापरवापर्यंत आपण ज्या डीएसएलआरवर लग्नं काढली त्याच मापाचा, आणि सगळ्यासकट वजन २५७ ग्रॅम. दुसरी बॉडी खिशात मावली तर कोणाला नको आहे? पहिल्याच लग्नात हा हिशोब साफ चुकला.

गोरज मुहूर्त होता. सोनीबद्दल आधी सांगतो, कारण त्याचं कौतुक करायला हीच जागा आहे. शेवटचं मंगलाष्टक संपत येतं, भटजींचा आवाज चढतो, मामा मुलीच्या मागे सरसावून उभा राहतो आणि मांडवातल्या दोनशे मुठी एकदम उघडतात. अक्षतांचा पडदा असतो तो अक्षरशः, लेन्स आणि नवरीच्या मध्ये. जुन्या कॅमेऱ्याचा फोकस इथेच हटकून तांदळाच्या दाण्यावर जायचा. सोनी नवरीचा डोळा धरतो आणि सोडत नाही. त्या संध्याकाळी सेकंदाला १० च्या वेगाने १४ फ्रेम पडल्या (तो वेग हवा असेल तर कॉम्प्रेस्ड रॉ, म्हणजे दाबून लहान केलेली मूळ फाइल, ठेवावं लागतं, नाहीतर कॅमेरा मंदावतो). चौथ्या फ्रेममध्ये अंतरपाटाची कड नवरीच्या हनुवटीशी आहे आणि ती अजून खालीच बघते आहे. पाचवीत तिने वर पाहिलंय आणि एक अक्षत बरोबर पापणीवर बसलीय. सहावीत डोळा मिटलेला. पाचवी अल्बमच्या पहिल्या पानावर गेली. ती माझ्या हुशारीने मिळाली असं मी पार्टीला सांगितलं असलं तरी खरं काय ते तुम्हाला आता कळलं.

मग पंगतीत छोटा काढला. कार्यालयात सगळीकडे एलईडीच्या माळा, त्यामुळे फोटो कमीजास्त उजळ येऊ नयेत म्हणून शटर सेकंदाच्या १/१०० वर बांधलेलं. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, ६४००. वाढपी जिलबीचं ताट घेऊन धावतोय आणि फोटोत हात, चिमटा आणि जिलबी यांचा एकच भगवा फराटा. झूम नाहीच, २८ मिलिमीटरला जे दिसतं ते दिसतं. त्यात मी घाईत एक आठ जणींचा ग्रुप घेतला. टोकाला बसलेल्या मावशी २८ च्या कडेला अशा काही पसरल्या की तो फोटो मी डिलीट करून टाकला, न जाणो कोणी पाहिला तर पुढची ऑर्डर जायची. दोनशे फोटोंच्या आतच बॅटरी संपली. यात फसवणूक काही नाही, कंपनीच्या कागदावर आकडा २०० च लिहिलेला आहे, मी तो वाचून दुर्लक्ष केलं होतं. सोनीच्या कागदावर व्ह्यूफाइंडरने, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीतून, ५२० आहे आणि लग्नात भराभर फ्रेम मारल्या की प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट सहज निघतात.

या सगळ्यापेक्षा मोठी अडचण कार्डाची. सोनीत दोन कार्डं असतात, प्रत्येक फोटो दोन्हीकडे लिहिला जातो. छोट्यात एकच कार्ड, आणि अडीअडचणीला आत २ जीबी मेमरी. स्वतःच्या घरचा फोटो गेला तर चुटपुट लागते. लोकांच्या लग्नाचा गेला तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्या रात्री घरी येऊन मी छोट्याचे चार फोटो काढले आणि विकायला टाकले. बायको म्हणाली, "एवढ्या पैशात झूमपण नाही?" तिचा मुद्दा बिनतोड होता.

गिऱ्हाईक मिळेना, म्हणून तो खिशात राहिला. आणि मग हळूहळू घरातले फोटो यायला लागले.

सांगायला लाज वाटते, पण वर्षाला पन्नास-साठ लग्नं काढणाऱ्या माझ्याकडे आईचे धड फोटो नव्हते. सोनी बाहेर काढला की ती म्हणायची, "थांब, साडी बदलून येते." वडील खुर्चीत ताठ व्हायचे आणि थेट लेन्सकडे बघायचे, आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखे. छोटा पहिल्यांदा पाहिला तेव्हा वडिलांनी विचारलं, "कोणाचं चष्म्याचं घर उचललंस?" तेवढंच. त्यानंतर त्या चष्म्याच्या घराकडे कोणी पाहिलं नाही.

एप्रिलमध्ये कुरडया झाल्या. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे शिजवायला घेतला. आई आणि शेजारच्या दोन काकू आळीपाळीने घाटत होत्या, मी गच्चीत प्लॅस्टिकचा कागद धरून. एका हाताने कागदाचं टोक धरलेलं, दुसऱ्या हातात कॅमेरा. हे सोनीवर जमणं शक्यच नाही. जीआरची बटणं सगळी उजव्या अंगठ्याखाली येतात, चालू होऊन पहिला फोटो पडायला सेकंदही लागत नाही. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायची सोय, लावून सोऱ्याच्या बुडाशी दहा सेंटीमीटरवर गेलो. चिकाचे तंतू छिद्रांतून एकत्र सुटतात, सुटताना पारदर्शक असतात आणि कागदावर पडेपर्यंत दुधी होतात. इतकी वर्षं त्या कुरडया खाल्ल्या, हे मला माहीतच नव्हतं. आईच्या मनगटावर वाफेचा ओलावा आणि दोन बांगड्यांच्या मध्ये वाळलेल्या चिकाचा पापुद्रा, तोही त्यात आलाय. तिला फोटो दाखवला तर म्हणाली, "हात काय काढतोस, तोंड काढ की." म्हणजे तोंड काढायला आता हरकत नव्हती.

१२ बाय ३६ च्या अल्बममध्ये एका पानाला १२ बाय १८ इंच येतात. तेवढ्याला २४ मेगापिक्सेल पुरून उरतात. तो मनगटाचा फोटो मी त्याच मापात काढून घेतला आणि सोनीच्या प्रिंटशेजारी ठेवला. दिवसाउजेडी काढलेल्या फोटोत मला फरक सांगता आला नाही. अंधारात सांगता येतो. सोनीच्या फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ छोट्याच्या सव्वादोन पटीहून जास्त आहे, ते कुठेतरी दिसणारच.

जेजुरीचा किस्सा सांगायलाच हवा. फेब्रुवारीत एक नवं जोडपं देवदर्शनाला निघालं, नवरदेव नवरीला उचलून पायऱ्या चढणार तो फोटो हवा होता. सोनी मी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेला, छोटा सवयीने शर्टाच्या खिशात. वर पोचलो, यळकोट झाला आणि कोणीतरी माझ्या खांद्यावरून भंडाऱ्याची ओंजळ उधळली. लेन्स बाहेर आलेली होती. धूळ-पाण्यापासून बचावाची सोय या कॅमेऱ्याला नाही, तसा दावाही कोणी केलेला नाही, तेव्हा गाढवपणा सर्वस्वी माझा. आठवड्याने आभाळाच्या फोटोत एक डाग दिसला. सेन्सर थरथरवून धूळ झाडायची सोय मेनूत आहे, ती दहा वेळा चालवली. खंडोबाचा भंडारा तो, असा सुटतो होय? मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स काढून मी ब्लोअर मारला असता, दोन मिनिटांचं काम. इथे लेन्स निघतच नाही. पुण्याला उघडून साफ करून घ्यावा लागला, बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत मला खिसा हलका वाटत होता हे मात्र नोंदवतो. हल्ली तो चेनच्या छोट्या पाकिटात असतो.

आणि वारी. माऊलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण लोणंद ते तरडगावच्या मध्ये चांदोबाच्या लिंबाला होतं, आमच्यासाठी अंगणातच. दरवर्षी मी सोनी आणि ७०-२०० ही लांबचं जवळ आणणारी लेन्स घेऊन रस्त्याकडेच्या उंचवट्यावर उभा राहायचो. अश्व समोरून दौडत येतो, कॅमेरा त्याला धरून ठेवतो, वीस-पंचवीस चोख फ्रेम मिळतात. दरवर्षी त्याच. यंदा छोटा घेऊन दिंडीच्या ओळीत उभा राहिलो. यात स्नॅप फोकस नावाची सोय आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचं आणि बटण एका दमात दाबायचं, मग कॅमेरा फोकस शोधतच नाही. मी अडीच मीटर ठेवलं, एफ/८, शटर १/१०००, ढगाळ होतं म्हणून आयएसओ १६००. या आकड्यांना साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. अश्व आला कधी आणि गेला कधी कळलं नाही. माझ्या पाच फोटोंतल्या तिघांत घोडा नाहीच, एकात शेपूट आहे. पाचव्यात टापांखालची माती उडालीय आणि शेजारच्या आजी ती उचलायला वाकल्यात, कपाळाला लावायला. त्यांच्या पाठीवरून घोड्याचं पोट गेलंय, तेही अर्धंच. उंचवट्यावरून हा फोटो दिसतच नाही, कारण तिथून सगळे घोड्याकडे बघतात.

किरकोळ गोष्टी. व्हिडिओ फुल एचडीच, तोही नावाला. व्हिडिओसाठी हा घेऊ नका. व्ह्यूफाइंडर नाही आणि स्क्रीन वळत नाही, त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी अंदाजपंचे मारावं लागतं. शटर इतकं हळू वाजतं की कीर्तनात पुढच्या रांगेत बसून काढलं तरी टाळकरी मान वळवत नाहीत. सोनीतही आवाज बंद करता येतो, पण एलईडीखाली फोटोत पट्टे यायची धास्ती असते.

"मग मोबाइल काय वाईट?" हे मला आठवड्यातून दोनदा विचारलं जातं. वाईट काहीच नाही. पण मोबाइल काढला की मी आधी व्हॉट्सअॅप बघतो, तोवर कुरडई पडलेली असते.

एकच कॅमेरा घ्यायची ऐपत असेल आणि त्यातून दोन पैसे कमवायचे असतील, तर डोळे झाकून मोठ्याकडे जा. जीआर त्याची जागा घेईल म्हणून घ्याल तर माझ्यासारखं पहिल्याच लग्नाच्या रात्री विकायला टाकाल. ज्याच्याकडे मोठा आहे आणि ज्याच्या स्वतःच्या घरचे फोटो नाहीत, त्याने मात्र विचार करावा, आणि बॅटऱ्या तीन घ्याव्यात.

सध्या चातुर्मास, लग्नं नाहीत. सोनी आणि लेन्सा बुरशीच्या भीतीने ड्रायबॉक्समध्ये बंद आहेत, आर्द्रतेचा काटा ४५ टक्क्यांवर. छोट्याचीही जागा तिथेच आहे, पण तो किल्ल्यांच्या खुंटीला टांगलेला असतो आणि बायको रोज ओरडते. परवा तो खुंटीवर नव्हता. शोधलं तर वडील ओट्यावर बसून आईचे फोटो काढत होते, सगळे हललेले.